पाळकांचा मुलगा आणि रामबागेतली मुलगी

प्रश्न : सलाम ताई. मी इंदूरमधल्या एका मिशन शाळेत गणित शिकवते. माहेर नगरचं, मराठी ख्रिस्ती. लग्न होऊन इथं आले. यंदा स्थापनादिनाची उपासना विद्यार्थ्यांनी चालवायची असं ठरलं आणि मी नेमानं चर्चला जाते म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. सहावी ते अकरावीतल्या सोळा मुलांनी नावं दिली, त्यांत ख्रिस्ती घरची चारच. सगळ्यांत सुरेल गळा इथल्या रामबागेतल्या एका मराठी मुलीचा. नववीत आहे, गणपतीत दरवर्षी गाते. गाणी सांगायची, म्हणजे सुरू करून द्यायची, तिची इच्छा आहे. वडील फोनवर हो म्हणाले. आजी म्हणते, आपल्या घरच्या मुलीनं चर्चची प्रार्थना सांगायची नाही. दुसरीकडे आमच्या पाळकसाहेबांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) मुलगा दहावीत आहे आणि मुख्य प्रार्थना तोच करणार हे सगळ्यांनी धरूनच चाललंय. तो मला एकटीला गाठून म्हणाला, "मिस, मी माईक सांभाळतो, पण मला प्रार्थना नका सांगू." त्यात प्राचार्यांनी इंग्रजीत टाइप केलेली आठ पानं दिली आहेत. बिशप आणि ट्रस्टी येणार, तेव्हा मुलांनी ती पाठ करावी असं त्यांचं म्हणणं. कुणाला काय देऊ? मुलांवर किती सोडू? एखादं मराठी गीत घेतलं तर चालेल का? आणि पांढरे झगे शिवायचे का? — एक शिक्षिका, इंदूर

सलाम, बाई.

माहेर नगर, सासर इंदूर, म्हणजे अहिल्याबाईंचीच वाट तुमची. आता तर नगरला नावही त्यांचंच लागलंय. त्या चौंडीहून आल्या आणि पुढे अख्खं राज्य त्यांच्या गळ्यात पडलं. तुमच्या गळ्यात एक उपासना पडली आहे. निभेल.

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे, वर त्याचा गोषवारा दिलाय. त्यात पानंच्या पानं मुलीवर आणि पाळकसाहेबांच्या मुलावर जेमतेम दोन ओळी. मी त्या दोन ओळींपासून सुरुवात करते.

मुलीच्या पाठीशी पुष्कळ जण आहेत. आजी आहे, वडील आहेत आणि त्यांच्यामागे राज्यघटना आहे. अनुच्छेद २८(३) सांगतो की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. मूल अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं, असेल तर संमती पालकांची. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क अनुच्छेद ३० देतो, पण म्हणून हे बंधन सुटत नाही. आता हेच कलम त्या मुलाला लावून बघा. संमती द्यायची त्याच्या वडिलांनी, आणि ते तर आनंदानं सही करतील. कायद्याचं समाधान झालं, मंडळीचं झालं, प्राचार्यांचं झालं. नको म्हणणारा तो एकटा उरला, आणि ते त्यानं फक्त तुमच्या कानावर घातलंय.

पाळकांच्या घरातली मुलं कशी वाढतात ते तुम्ही माहेरी पाहिलं असेलच. रविवारच्या शाब्बाथशाळेत वचन पाठ म्हणायला पहिला तोच, नाताळच्या नाटकात योसेफ तोच, घरी पाहुणे जेवायला बसले की "बाळ, तू प्रार्थना कर" हेही त्यालाच. लहानपणी मिरवायला बरं वाटतं. मिसरूड फुटायला लागली की यातलं आपलं किती आणि बाबांचं किती, याचा त्याचा त्यालाच उलगडा होईनासा होतो. कदाचित असं काही असेल, कदाचित नुसती लाज असेल, कदाचित घरी भांडण झालं असेल. का, ते विचारू नका. त्यानं नकार दिलाय, आणि नकाराबरोबर कारण जोडलंच पाहिजे असा नियम आपण मोठ्यांनाही लावत नाही.

माईक मात्र त्याला खरोखर द्या, समजूत घालायला दिल्यासारखा नको. सहावीतला वाचक आणि अकरावीतली मुलगी यांच्या उंचीत फूटभर फरक असतो. स्टँड खाली घेताना करकरतो, स्पीकरचं तोंड माईककडे असलं की शिट्टी वाजते, आणि ती एकदा वाजली की सगळं प्रार्थनागृह पुढची पाच मिनिटं स्पीकरकडे बघत बसतं. तेव्हा तालमीला तो रोज हवा. कोण कुठल्या बाजूनं येणार, कुणाला स्टँड किती खाली लागतो, कुणाचा आवाज बारीक आहे, हे सगळं त्याच्या कागदावर हवं. क्रमपत्रिकेत त्याचं नाव इतरांच्या बरोबरीनं छापा. पाळकसाहेबांनी विचारलं, तर आवाजाची बाजू त्याच्याकडे सोपवली आहे आणि ती दुसऱ्या कुणाकडे द्यायची तुमची तयारी नाही, एवढं सांगा. त्यात खोटं काही नाही. मुलगा तुमच्याशी काय बोलला, ते मात्र सांगू नका. ऐनवेळी त्यालाच वाटलं की चार ओळी आपण म्हणाव्यात, तर जागा करून द्या; पण तशी आशा तोंडावर दाखवून त्याच्यासमोर वावरू नका. मुलांना ते लगेच कळतं.

आता मुलगी. फोनवरचा होकार पुरत नाही, बाई, लेखी घ्या. मध्य प्रदेशात २०२१चा धर्म स्वातंत्र्य कायदा आहे. जबरदस्तीनं, फसवून किंवा आमिष दाखवून केलेल्या धर्मांतराला त्यात शिक्षा आहे आणि अज्ञान मुलांच्या बाबतीत ती अधिक कडक आहे. गाणं म्हणणं म्हणजे धर्मांतर नव्हे, हे मला, तुम्हाला आणि त्या आजींनाही ठाऊक आहे. तरीसुद्धा उपासनेत भाग घेतल्याबद्दल गुण नकोत, बक्षीस नको, नंतर भेट म्हणून काही वाटणंही नको. संमतीपत्र सोळाही घरी पाठवा, ख्रिस्ती घरी सुद्धा. त्यात तारीख, मुलाच्या वाट्याला आलेला भाग, गाण्याचे किंवा वाचनाचे पूर्ण शब्द सोबत जोडलेले, आणि केव्हाही माघार घेता येईल, त्याचा गुणांवर परिणाम होणार नाही, असं स्वच्छ वाक्य. खाली पालकांची सही आणि तिच्याखाली आणखी एक रेघ, मुलाच्या स्वतःच्या सहीसाठी. कायदा ती मागत नाही. तुम्ही मागा.

आता तिनं म्हणायचं काय? उपासनेतल्या सगळ्या शब्दांचं वजन सारखं नसतं. शास्त्रवाचन म्हणजे बायबलात लिहिलेलं मोठ्यानं वाचणं; ज्याला नीट वाचता येतं त्यानं वाचावं. स्तुतीचं गीत सगळे मिळून गातात, सांगणारा फक्त सुरुवात करून देतो. विश्वासाचा अंगीकार आणि प्रार्थना यांची गोष्ट वेगळी. तिथं बोलणारा "मी मानतो", "आम्ही तुझी लेकरं" असं स्वतःच्या नावानं बोलतो. घरचे तयार असतील तर त्या मुलीला वाचन आणि गाणी जरूर द्या. अंगीकार आणि प्रार्थना देऊ नका. ती परकी आहे असं मला म्हणायचं नाही. जे आपण मानतो की नाही याचा तिनं विचारही केलेला नाही, ते सगळ्या शाळेसमोर तिच्या तोंडून वदवून घेणं तिच्यावर अन्याय आहे, आणि ज्यांची ती श्रद्धा आहे त्यांच्यासाठीही ते नुसतं पाठांतर होऊन बसतं. आजींचं म्हणणं तुम्ही जसं लिहिलंय तसंच त्या बोलल्या असतील, तर त्यांचा आक्षेप प्रार्थनेला आहे. गाण्याबद्दल त्यांना कुणी विचारलंय का?

गीतही बेतानं निवडा. स्वतःला वाहून घेतल्याची, येशूमागे निघाल्याची गाणी सुंदर असतात, पण ती तिच्या तोंडी नकोत. बायबलातल्या स्तोत्रांतलं घ्या, शंभरावं किंवा एकशे एकविसावं. डोंगरांकडे बघून मदत कुठून येईल असं विचारणारं एकशे एकविसावं स्तोत्र वाचून आजींना काही खटकेल असं मला वाटत नाही. पण ते त्या ठरवतील. शब्द देवनागरीत, ठळक अक्षरांत छापून त्यांच्याकडे पाठवा. बोलावणंही पाठवा, पहिल्या रांगेतल्या खुर्चीसकट. एवढं करूनही त्या नाही म्हणाल्या आणि घरात एकमत झालं नाही, तर नाही. मग तिला मागच्या ओळीत उभी करून गाऊन घेणं, आजींना कळणार नाही असं बघणं, असले प्रकार नकोत. आजींच्या नावानं शिक्षकांच्या खोलीत उसासेही नकोत. पोरगी गणपतीत गाते ती आजीमुळेच गात असेल.

नावं न दिलेली जी शेकडो मुलं समोर सतरंजीवर बसणार, त्यांच्यामधून उपासनेच्या वेळी फिरणाऱ्या शिक्षकांना आधीच सांगून ठेवा की कुणी ओठ मिटून बसलं किंवा हात जोडले नाहीत तर कोपरानं ढोसायचं नाही. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेनं त्यांना काढलं आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताला जी मुभा, ती आपल्या गीताला नको?

प्राचार्यांच्या आठ पानांवर फार शाई घालवत नाही. तुमची शाळा प्रेस्बिटेरियन मुळाची आहे असं पत्रात आहे. कॅनडाच्या ज्या मिशननं इथं १८८७ साली ख्रिश्चन कॉलेज उभं केलं त्यांच्याच परंपरेतली. त्या परंपरेत छापील प्रार्थना शब्दन्‌शब्द म्हणण्याची सक्ती नाही, त्यामुळे मुलांना स्वतःचे शब्द वापरायला पाळकसाहेबांची हरकत नसावी; तरी क्रम त्यांना दाखवून घ्या. उपासनेला आवाहन, गीत, पापांगीकार, शास्त्रवाचन, संदेश, मध्यस्थीची म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, शेवटचं गीत, आशीर्वाद. आशीर्वाद धर्मगुरूपदाची दीक्षा झालेल्या माणसानं द्यायचा, तो बिशपसाहेबांना द्या आणि त्यांच्याकडे तेवढाच ठेवा. बाकी सगळं मुलांकडे. आठ पानांत शाळेचा इतिहास असणारच. तो आणि ट्रस्टींचं स्वागत उपासना संपल्यावर, शाली-श्रीफळांसकट, हवा तितका वेळ करा. मध्ये टाळ्या नकोत, हे सुरुवातीलाच एका मुलाला सांगायला लावा. मोठी माणसं तरी वाजवतात, तो भाग वेगळा.

वाचनासाठी माझी शिफारस बायबलातलं १ शमुवेल, तिसरा अध्याय. रात्री देव बाळ शमुवेलाला हाक मारतो आणि त्याला वाटतं म्हातारे याजक एली बोलावताहेत, म्हणून तो उठून त्यांच्याकडे पळतो. असं तीनदा होतं. एलींना उशिरानं उमगतं की हाक कुणाची आहे, आणि मग ते पोराला सांगतात, पुन्हा आली तर काय म्हणायचं. तीन आवाजांत वाचता येतं: एक निवेदक, एक शमुवेल, एक एली. शमुवेल सहावीतला घ्या, एलीला अकरावीतला. देवाचं बोलणं निवेदकानंच वाचावं, त्याला वेगळा भारदस्त आवाज शोधू नका. आणि वाचन दहाव्या ओवीला थांबवा. पुढच्या ओव्यांत एलींच्या मुलांच्या वागणुकीवरून त्या घराला शाप आहे. पाळकांचा मुलगा माईकशी उभा असताना याजकाच्या बिघडलेल्या मुलांचं वाचन लावलं, तर वर्गात त्याचं काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको.

संदेश एकाच मुलावर टाकू नका. तिघांनी दोन-दोन मिनिटं बोलावं, याच वाचनातल्या त्यांना अडलेल्या किंवा आवडलेल्या जागेवर. "देवाला तीनदा हाक का मारावी लागली?" असं एखादीनं विचारलं आणि उत्तर न देता खाली बसली, तरी चालेल. मोबाइलवरून उतरवलेलं तयार प्रवचन आलं तर ते तुम्हाला पहिल्याच वाक्यात ओळखू येईल, परत द्या.

सगळ्यांत जास्त वेळ मध्यस्थीच्या प्रार्थनेला ठेवा. शाळा सुटल्यावर ख्रिस्ती घरच्या चार मुलांना, त्यांतही ज्यांना प्रार्थना करायची आहे त्यांनाच, कोरे कागद घेऊन बसवा. पहिल्या खेपेला सगळे "हे परमदयाळू, सर्वसमर्थ पित्या" असंच सुरू करतील, कारण मोठे तसंच करतात. मग "जगातल्या सर्व गरिबांना सुखी ठेव" येईल. त्या ओळीवर थांबा आणि विचारा, कोणते गरीब? तू पाहिलेला एक सांग. कुठं पाहिलास? त्याला काय हवंय? आपल्या इंदुराचा २०१७पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर आला, मुलांना त्याचा काय अभिमान. रात्री सराफ्यातली खाऊगल्ली उठल्यावर तिथं झाडू घेऊन कोण येतं, हे त्यांना विचारा. एखादा म्हणेल, आमच्या गल्लीत पहाटे झाडायला एक काकू येतात, थंडीत त्यांच्या पायांत नुसत्या स्लिपर असतात. झाली प्रार्थना. तिला आता फक्त बसवायची.

बसवायला जुना साचा आहे आणि तो मुलांना चटकन जमतो: देवाला एक हाक, त्यानं केलेलं एखादं काम, आपलं मागणं, ते कशासाठी, आणि येशूच्या नावानं आमेन. पाच तुकडे, पाच-सहा ओळी. "हे प्रभू, तू शिष्यांचे पाय धुतलेस. आमच्या गल्लीत पहाटे येणाऱ्या काकूंच्या पायांची काळजी घे, आणि आम्हाला त्यांच्यासाठी काय करता येईल ते सुचव." हे मी बसल्या बसल्या लिहिलं, मुलं याहून बरं लिहितील. बोर्डाच्या परीक्षेची प्रार्थना आली तर पोरकट म्हणून काढून टाकू नका, दहावीच्या पोराला बोर्डाची भीती खरीच असते. तुम्ही कात्री लावायची ती दोनच ठिकाणी. कुणाच्या घरचं आजारपण नावानिशी आलं, तर त्या घरी विचारल्याशिवाय ठेवायचं नाही. आणि समोर बसलेल्यांनी आपल्या धर्मात यावं असं मागणं त्या व्यासपीठावरून नको. ती मुलं शिकायला आली आहेत. भाषा चुकली तर शुद्धलेखन तुमच्यापुरतं सुधारा, म्हणताना त्यांचं त्यांना म्हणू द्या. हिंदीत लिहिलं तर हिंदीत, मध्येच मराठी आली तर येऊ द्या, इंदुरी घरात तसंच बोलतात. आणि कागद पुठ्ठ्यावर चिकटवून हातात द्या. सुटा कागद थरथरतो, माईक त्याची फडफड पकडतो, आणि ती ऐकून मूल आणखी घाबरतं.

मराठी गीत एक जरूर घ्या. रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगरातली मराठी मुलं समोर असणार, त्यांना बरं वाटेल. अभंगाच्या अंगाचं भजन निवडा. नगरला राहून रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजन-कीर्तनाची जी परंपरा फुलवली ती तुमच्या माहेरचीच आहे, तुम्हाला गाणं शोधायला लांब जावं लागणार नाही. टाळ आणि तबला शाळेत मिळतीलच. ध्रुवपद छोटं असावं, म्हणजे हिंदी घरची मुलंही दुसऱ्या खेपेला उचलतील. लिपी तीच आहे. फक्त 'ळ' आधी म्हणून घ्या, नाहीतर सगळीकडे 'ल' ऐकू येईल. घरी माळवी बोलणाऱ्यांना तोही जड जाणार नाही. पट्टी ठरवताना मात्र गाणाऱ्या मुलीचा गळा धरू नका. तिला काळी पाचची उंच पट्टी सोसेल, पण आठवी-नववीतल्या आवाज फुटलेल्या मुलांची वर जाताना दमछाक होते आणि मग ती गप्प बसतात किंवा हसतात. हार्मोनियमवर दोन-तीन पट्ट्या लावून बघा, आठवीच्या एका अख्ख्या वर्गाला गायला लावा, आणि जिथं ते सगळे गातील ती पट्टी धरा.

झग्यांना माझा विरोध आहे. झगे चढवले की सोळा मुलांचं चर्चचं गायकवृंद दिसायला लागतं, आणि आजींनी गाण्याला दिलेली संमती झग्याला दिलेली नसते. इस्त्रीचा गणवेश घाला. त्यात कोण कुठल्या घरचं ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही. शिंप्याला आगाऊ पैसे दिले असतील तर आजच परत मागा, लग्नसराई सुरू झाली की तो दुकानात भेटायचा नाही.